जील्यो बंदराचे दोन छोटे दिवे: ते इतके मंद का, आणि रात्री त्यांच्यामधून आत कसे जायचे

प्रश्न असा आहे: 'इटलीतल्या जील्यो बेटावर आम्ही फेरीने गेलो होतो. बंदराच्या तोंडाशी एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा असे दोन छोटे दीपस्तंभ आहेत. इतके बुटके आणि रात्री इतके मंद दिवे कशासाठी? प्रत्येक बोटीत जीपीएस असताना त्यांचा खरंच उपयोग होतो का? यंदा आम्ही चौघे मित्र शिडाची बोट भाड्याने घेऊन तिथेच जाणार आहोत. उशीर झाला तर रात्री बंदरात शिरावं लागेल.'

शेवटच्या वाक्यामुळे हे उत्तर लांबणार आहे. नुसते कुतूहल असते तर थोडक्यात भागले असते. पण अनोळखी बंदरात अंधारात शिरायचे म्हणता, तेव्हा हे दोन दिवे नीट समजून घेतलेच पाहिजेत. मी व्यापारी जहाजांवर नेव्हिगेशनचे काम केले आणि पुढे बरीच वर्षे भूमध्य समुद्रात शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवल्या. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

मोठ्या दीपस्तंभाचे काम एक आणि बंदराच्या दिव्याचे दुसरेच. मोठा दीपस्तंभ वीस-वीस मैलांवरून सांगतो की तुम्ही अमुक टोकापाशी आला आहात. बंदराचा दिवा तुम्ही अगदी जवळ आल्यावर बोलायला लागतो, आणि एवढेच सांगतो की दगडी बांधाचे टोक इथे आहे, मला या हाताला ठेवून जा. एवढ्या कामासाठी उंची लागत नाही आणि प्रखरपणा तर नकोच. जील्योवर हा फरक फार स्वच्छ दिसतो, कारण त्या छोट्या बेटाने दिवा चुकीच्या जागी लावल्याची किंमत एकदा मोजली आहे.

जील्यो हे तोस्काना प्रांताच्या द्वीपसमूहातले ग्रॅनाइटचे बेट. सर्वांत उंच माथा ४९६ मीटर. मुख्य भूमीवरच्या पोर्तो सान्तो स्तेफानोहून निघालेली फेरी तासाभरात पूर्व किनाऱ्यावरच्या जील्यो पोर्तो गावाला लागते. डोंगरावर तटबंदीतले जील्यो कास्तेल्लो, पश्चिमेला वाळूच्या किनाऱ्याचे काम्पेसे. रोमन काळापासून इथे जहाजे येत आली आहेत. बंदराला लागून रोमन वाड्याचे आणि मासे ठेवायच्या हौदाचे अवशेष आहेत. १५४४ मध्ये बार्बारोस्सा या तुर्की दर्यासारंगाच्या आरमाराने बेट लुटले आणि शेकडो माणसे गुलाम म्हणून नेली. पुढे तोस्कानावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या काळात बंदरावर बुरूज उभा राहिला, तो तुम्ही फेरीतून उतरताना पाहिला असेल.

१८६५ मध्ये बेटाच्या उत्तर भागात, व्हाक्कारेच्चे नावाच्या जागी, डोंगरावर उंच दीपस्तंभ बांधला गेला. दिवा जितका उंच तितका दुरून दिसणार, हा हिशेब कागदावर अगदी बरोबर होता. पण त्या उंचीवर ढग आणि धुके येऊन बसते. खाली समुद्रावर हवा स्वच्छ असतानाही वरचा दिवा ढगात गडप व्हायचा. म्हणजे ज्या रात्री खलाशाला त्याची सर्वाधिक गरज, नेमका त्याच रात्री तो बेपत्ता. शेवटी १८८३ मध्ये तो सोडून दिला आणि त्याच्याऐवजी पाण्याजवळ, खालच्या पातळीवर दोन दीपस्तंभ उभारले: उत्तर टोकाला पुंता देल फेनायो आणि दक्षिण टोकाला कापेल रोस्सो. ते दोन्ही आजही चालू आहेत. दिवा कुठे लावायचा हे समुद्रावरच्या माणसाचा डोळा कुठे आहे यावर ठरते, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

आता तुमच्या 'बुटके का' या प्रश्नाकडे. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा किती दूरवरून दिसेल याचे साधे सूत्र आहे. दिव्याची आणि तुमच्या डोळ्याची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळे काढून बेरीज करा, २.०८ ने गुणा; उत्तर सागरी मैलांत येते. दिवा ९ मीटरवर असेल आणि बोटीत बसलेल्या तुमचा डोळा सव्वादोन मीटरवर, तर ३ अधिक १.५ म्हणजे ४.५, गुणिले २.०८ म्हणजे जवळपास ९.४ सागरी मैल. बंदरात शिरायला इतक्या अंतराची गरजच नसते. एखाददुसरा मैल आधी दिवा ओळखता आला की पुरे. बांधाच्या टोकावर उंच मनोरा उभा करणे म्हणजे लाटांचा मार खायला आणखी दगड उभा करणे.

मंदपणाचाही हिशेब आहे. दीपसूचीत, म्हणजे सागरी दिव्यांच्या अधिकृत यादीत, दिव्याचा जो पल्ला छापतात तो दहा सागरी मैल दृश्यता असलेल्या हवेसाठी आणि काळोख्या पार्श्वभूमीसाठी धरलेला असतो. त्या गणिताने ४ मैलांचा पल्ला हवा असेल तर दिव्याची तीव्रता सुमारे ३६ कँडेला पुरते. १६ मैलांचा पल्ला हवा असेल तर ती २१,००० कँडेलाच्या आसपास जाते. पल्ला चौपट आणि प्रकाश जवळजवळ सहाशे पट. अंतर वाढले की उजेड पसरतोही आणि हवा तो गिळतेही, म्हणून हा फरक इतका प्रचंड. आता कल्पना करा की असा २१,००० कँडेलाचा दिवा बंदराच्या तोंडाशी, तुमच्या डोळ्यापासून पन्नास मीटरवर लावला आहे. अंधाराला सरावलेले डोळे एका उघडझापेत दिपून जातील आणि शेजारचा दगडी बांध दिसणारच नाही. बंदराचा दिवा मंद असतो तो तुमच्यासाठीच.

पण या मंदपणाची एक खरी अडचण आहे, आणि रात्री जाणाऱ्याने ती आधीच डोक्यात ठेवावी. समुद्रावरून जील्यो पोर्तोकडे पाहिले की मागे अख्खे गाव उजळलेले असते. धक्क्यावरची हॉटेले, रस्त्यावरचे दिवे, खिडक्या. पार्श्वभूमी अशी उजळलेली असेल तर दिवा ओळखायला डोळ्याला दहापट ते शंभरपट जास्त उजेड लागतो, असे दीपयोजनेच्या गणितात धरतात. वरचाच ४ मैलांचा दिवा घ्या. मागे थोडेफार दिवे असतील तर तो पावणेदोन मैलांवर ओळखू येईल, आणि मागे झगमगाट असेल तर अंतर दोन-तृतीयांश मैलापर्यंत, म्हणजे सव्वा किलोमीटरपर्यंत घसरते. बोट पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, चालली असेल तर हातात उरतात आठ मिनिटे. चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, छापलेल्या आकड्यावर विसंबून 'अजून दिसत कसा नाही' म्हणून घाबरणारे आणि घाईत भलत्याच दिव्याकडे बोट वळवणारे लोक मी पाहिले आहेत. इटलीत तर औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस लुकलुकत असतो. तो आणि गाड्यांचे मागचे लाल दिवे, हे दोघे रात्रीच्या खलाशाला सर्वांत जास्त चकवतात.

म्हणूनच रंगावर कधीच थांबायचे नाही, ताल मोजायचा. प्रत्येक दिव्याची उघडझाप ठरलेली असते आणि ती दीपसूचीत व चार्टवर लिहिलेली असते. इटलीची दीपसूची जेनोवामधली नौदलाची जलसर्वेक्षण संस्था काढते. ही संस्था १८७२ पासून आहे. निघण्याआधी चालू वर्षाच्या सूचीतून बंदराच्या दोन्ही दिव्यांचा रंग, ताल, उंची आणि पल्ला एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या आणि सुकाणूजवळ ठेवा. दिवा दिसला की घड्याळ लावून तीन-चार आवर्तने मोजा. औषधाच्या दुकानाचा क्रॉस ताल पाळत नाही. झाडाच्या फांदीमागे लपाछपी खेळणारा रस्त्यावरचा दिवाही पाळत नाही. बंदराचा दिवा पाळतो.

रंगांचा नियम मात्र तुम्हाला घरचाच वाटेल. समुद्रावरून आत येताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. बाहेर पडताना उलट. इटली आणि भारत दोन्ही देश सागरी खुणांच्या 'अ' विभागात येतात. रत्नागिरीचा तांडेल जील्योला गेला तर त्याला या बाबतीत काही नवे शिकावे लागणार नाही. अमेरिका खंडात, जपानमध्ये, कोरियात, फिलिपाइन्समध्ये 'ब' विभाग आहे आणि तिथे रंग बरोबर उलटे. पूर्वी जगात अशा तीसहून अधिक पद्धती होत्या. सत्तरच्या दशकात इंग्लिश खाडीत एकाच बुडालेल्या जहाजावर दुसरी जहाजे आदळली, तेव्हा एकवाक्यतेची निकड सर्वांना पटली, आणि १९८० मध्ये तोक्योच्या परिषदेत दोन विभागांची ही व्यवस्था मान्य झाली.

या दिव्यांपाशी कोणी राहत नाही. मोठ्या दीपस्तंभांवर कुटुंबासह राहणारे रखवालदार असत. बंदराच्या दिव्याला कोणी तरी येऊन वात लावून, काच पुसून जाई. नंतर ॲसिटिलीन वायू आला आणि स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने सूर्यप्रकाशाने आपोआप बंद होणारी व अंधारात उघडणारी झडप शोधली. त्या कामासाठी त्याला १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसाशिवाय महिनोन्‌महिने जळणारा दिवा तेव्हापासून शक्य झाला. हल्ली बहुतेक ठिकाणी एलईडी असतात. त्यांचा मोठा फायदा रंगीत दिव्यांना झाला. पूर्वी पांढऱ्या दिव्यापुढे लाल किंवा हिरवी काच धरत आणि उजेडाचा बराचसा भाग काचेतच अडकायचा. एलईडी मुळातच लाल किंवा हिरवा प्रकाश देतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत दिवा कितीतरी ठळक होतो.

जिथे असे दिवे सौर विजेवर चालतात तिथे दिवसापेक्षा रात्रीचा हिशेब अवघड असतो. जील्यो ४२ अंश उत्तरेच्या थोडे वर आहे. डिसेंबरमध्ये तिथली रात्र सुमारे १५ तासांची असते, मुंबईची १३ तासांची. म्हणजे जेव्हा ऊन सर्वांत कमी मिळते तेव्हाच दिवा सर्वांत जास्त वेळ जळायचा असतो, आणि आभाळ सलग काही दिवस भरलेले राहू शकते. बॅटरी त्या आठवड्यासाठी निवडायची असते, जूनसाठी नव्हे. उघडझापेचा इथे दुसरा उपयोग दिसतो: तीन सेकंदांत अर्धा सेकंदच दिवा लागला तर वीज एक-षष्ठांश लागते. बाकी देखभाल म्हणजे मुख्यतः मिठाशी झगडा. लाटांचे तुषार वाळून काचेवर थर बसतो, जोडण्या गंजतात, पक्षी भिंगावर बसून घाण करतात. हे सगळे नियमाने साफ करणारा माणूस आजही लागतोच.

इटलीत ही जबाबदारी नौदलाच्या दीपसेवेकडे आहे, १९११ पासून. आपल्याकडे रचना वेगळी आहे. किनाऱ्यावरचे मोठे दीपस्तंभ केंद्राच्या दीपस्तंभ महासंचालनालयाकडे, आणि बंदरापुरते स्थानिक दिवे त्या त्या बंदराकडे. महाराष्ट्रातल्या लहान बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. माझे मत विचाराल तर छोट्या दिव्यांसाठी इटलीची पद्धत बरी. मोठा दीपस्तंभ सर्वांच्या नजरेत असतो, त्याचे फोटो निघतात, सोहळे होतात. बांधाच्या टोकावरचा दिवा महिनाभर बंद पडला तरी स्थानिक मच्छीमारांखेरीज कुणाला पत्ता नसतो. एकाच सेवेकडे दोन्ही असले की त्या छोट्या दिव्याच्या वाट्यालाही तीच शिस्त येते.

जीपीएसबद्दल आता. ते वापराच, मीही वापरतो. पण ते काय सांगते ते नीट पाहा. ते तुमचे अक्षांश-रेखांश काही मीटरांच्या अचूकतेने सांगते. बांध कुठे आहे हे ते सांगत नाही; ते सांगतो चार्ट. जुन्या युरोपीय चार्टांचे अक्षांश-रेखांश ज्या मोजणी-चौकटीवर मांडले ती आणि जीपीएसची मोजणी-चौकट यांत इटलीच्या भागात शंभर मीटरच्या वर फरक पडतो. तो दुरुस्त न करता पडद्यावरची बोट बंदराच्या मधोमध दिसेल आणि खरी बोट दगडावर असेल. शिवाय पूर्व भूमध्य समुद्रात जीपीएसचे संकेत दाबण्याचे आणि खोटे संकेत सोडण्याचे प्रकार गेली काही वर्षे सर्रास होतात. बांधावरचा दिवा त्या बांधाच्याच दगडांत रोवलेला आहे. त्याच्यात आणि धोक्यात कुठलाही नकाशा मध्ये येत नाही, म्हणून शेवटच्या अर्ध्या मैलात माझा भरवसा त्याच्यावर असतो.

जील्योच्या बाबतीत हे बोलताना १३ जानेवारी २०१२ ची रात्र टाळता येत नाही. 'कोस्ता कॉन्कॉर्डिया' हे ४,२२९ माणसांना घेऊन चिवितावेक्कियाहून निघालेले प्रवासी जहाज बेटाला जवळून वंदन करण्यासाठी किनाऱ्याकडे वळले आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास बंदराच्या दक्षिणेला ले स्कोले खडकांवर आपटले. वीज गेली, सुकाणू गेले. वाऱ्याने ते परत बेटाकडे लोटले आणि बंदराच्या जरा उत्तरेला, पुंता गाब्बियानारापाशी ते कलंडले. बत्तीस माणसे गेली. त्या जहाजावर इलेक्ट्रॉनिक साधनांची कमतरता नव्हती. तपासात त्या वाटेसाठी अयोग्य प्रमाणाचा चार्ट वापरल्याची नोंद झाली. किनाऱ्याच्या इतक्या जवळ जायला लागणारा तपशील त्यात नव्हता.

त्या रात्री जीवनरक्षक नौका आणि गावकऱ्यांच्या होड्या माणसे भरभरून याच बंदरात आल्या, तुम्ही पाहिलेल्या लाल-हिरव्या दिव्यांच्या मधून. हिवाळ्यात जेमतेम काही शे वस्ती असलेल्या गावाने घरे उघडली, चर्च उघडले, अंगावरचे कपडे काढून दिले. जहाजावर भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने होते. सर्वांत शेवटी सापडलेला मृतदेह मुंबई परिसरातल्या एका तरुण कर्मचाऱ्याचा होता. तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज जेनोवाला मोडीत काढत असताना मिळाला. जील्योच्या धक्क्यावर उभे राहाल तेव्हा हेही लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष आत कसे जायचे. शक्य असेल तर पहिल्यांदा उजेडातच जा. फेरीतून पाहिलेले बंदर आणि सुकाणूवरून दिसणारे बंदर यांत फार फरक असतो. रात्र झालीच तर मैलभर बाहेर थांबा, शिडे उतरवा, इंजिन चालू करा, दोर आणि धक्का सोसणारे फुगे दोन्ही बाजूंना तयार ठेवा. हे सगळे आत शिरताना करायचे नसते, तेव्हा चौघांचेही डोळे बाहेर हवेत. बोटीच्या केबिनमधले पांढरे दिवे बंद करा, मोबाइलचे पडदे खाली घाला. मग दोन्ही दिवे तालावरून पक्के ओळखा. एकच ओळखता आला असेल तर पुढे जाऊ नका.

दोन्ही मिळाल्यावर तोंडासमोर, बंदराच्या मधल्या रेषेवर या. बाजूने येत असाल तर लाल आणि हिरवा एकमेकांवर चढलेले किंवा अगदी चिकटलेले दिसतील. समोर आलात की त्यांच्यामधले अंतर उघडते. जवळ जाल तसे दोन्ही दिवे आपापल्या बाजूला सारख्या गतीने सरकले पाहिजेत. त्यातला एक दिवा बोटीच्या टोकाच्या तुलनेत जागचा हलतच नसेल, तर तुम्ही थेट त्याच बांधाकडे चालला आहात, मग बोटीचे नाक कुठेही का असेना. वारा किंवा प्रवाह तुम्हाला आडवे ढकलत असतो आणि ते अंधारात अंगाला जाणवत नाही, दिव्यांच्या सरकण्यातून कळते. आणि दिव्याला घासून जाऊ नका. दिवा बांधाच्या टोकाच्या किंचित आत उभा असतो आणि बांधाचे दगड पाण्याखाली त्याच्याही पुढे पसरलेले असतात. फेरी येताना किंवा निघताना दिसली तर बाहेरच थांबून तिला पूर्ण मोकळी वाट द्या. आत तिला वळायला जागा लागते आणि तेव्हा तुमच्यासाठी काही उरत नाही.

वाऱ्याचे पाहून मगच ठरवा. जील्यो पोर्तोचे तोंड पूर्वेकडच्या समुद्राला उघडे आहे. ग्रेकाले म्हणजे ईशान्येचा वारा किंवा शिरोक्को म्हणजे आग्नेयेचा वारा जोरात असेल तर लाट बंदराच्या तोंडावर येते, आणि अशा वेळी रात्री तिथे शिरण्याचा विचार सोडून द्या. तेव्हा बेटाला वळसा घालून पश्चिमेच्या काम्पेसे खाडीत नांगर टाकता येतो, पूर्वेचा वारा तिथे डोंगराआड जातो. माएस्त्राले म्हणजे वायव्येचा वारा असेल तर उलट, काम्पेसे वाईट आणि पोर्तो बरे. वळसा घालताना फेनायो किंवा कापेल रोस्सोचा दिवा तुमच्या सोबतीला असेल. किनाऱ्यापासून भरपूर अंतर राखा. उन्हाळ्यात बंदर भरलेले असते, म्हणून दुपारीच फोन करून जागा विचारून ठेवा. आयत्या वेळी रात्री आत जाऊन परत फिरणे हे शिरण्यापेक्षा अवघड.

एक शेवटची गोष्ट. दोनपैकी एखादा दिवा विझलेला, किंवा सूचीतल्यापेक्षा वेगळ्या तालात दिसला, तर व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, १६ नंबरच्या चॅनलवर इटलीच्या तटरक्षक दलाला, गार्दिआ कोस्तिएराला, लगेच कळवा. बंदराचे नाव, दिव्याचा रंग, पाहिल्याची वेळ, एवढे साध्या इंग्रजीत सांगितले तरी चालते. ते पुढे सर्व बोटींसाठी सूचना काढतात आणि दुरुस्तीसाठी नौदलाच्या दीपसेवेला कळवतात. आपण परदेशी, भाड्याच्या बोटीवर आहोत म्हणून गप्प बसू नका, कारण तुमच्या मागून त्याच रात्री आणखी कोणी येत असेल.